टीव्ही मोठा घेण्याआधी सोफा पुढे घ्या

वास्तुशांत झाली, हॉलला पीओपी झालं, सोफा आला, आता ‘होम थिएटर’ तेवढं बसवायचं राहिलं, अशा घराला सल्ला देणारे उचगावात काय आणि उभ्या कोल्हापूर जिल्ह्यात काय, थोडे नाहीत. भाचा सांगतो, दुकानदार सांगतो, वायरिंगवाला सांगतो, मोबाईलवरचे व्हिडिओ तर रात्रंदिवस सांगतात. सगळ्यांचं म्हणणं फिरून एकाच ठिकाणी येतं. परवडेल तेवढा मोठा टीव्ही घ्या. उरलेल्या पैशात जास्तीत जास्त वॅटचा आणि जास्तीत जास्त स्पीकरांचा सेट घ्या. भिंतीला ठोका, झालं थेटर. ज्याचा हात जरा सैल आहे त्याला आणखी एक सल्ला मिळतो: हॉलमध्ये यात काही राम नाही, वर एक खोली वेगळी काढा.

हे मत इतकं सर्वमान्य झालंय की त्याला कोणी मत म्हणतच नाही, ती साधी व्यवहाराची गोष्ट समजली जाते. मला ते चुकीचं वाटतं. पैसे वाया जातात एवढ्यासाठी मी हे म्हणत नाही. घरातल्या माणसांना सिनेमा नीट ऐकू येत नाही, हे मला जास्त खटकतं. माझं म्हणणं असं आहे: घरच्या सिनेमाची आखणी, बैठकीच्या प्रत्येक जागेवरच्या माणसाला पात्रांचं बोलणं स्वच्छ कळतंय का, या प्रश्नापासून सुरू व्हायला हवी. त्याचं उत्तर आधी खोली देते, मग बसण्याची जागा देते. इंच, वॅट आणि स्पीकरांचा आकडा हे त्यानंतरचे.

पूर्वपक्ष दुबळा करून खोडण्यात अर्थ नाही, तेव्हा त्याची बाजू आधी नीट मांडतो. सिनेमा ही पाहण्याची कला आहे, लोक ‘सिनेमा पाहायला’ जातात. कोल्हापूरकराला हे सांगायला नको. बाबूराव पेंटरांची ‘सैरंध्री’ 1920 साली आली तेव्हा पडद्यावर कोणी बोलत नव्हतं, तरी लोकांनी ती डोक्यावर घेतली. दुसरं, टीव्ही इतके स्वस्त झालेत की पूर्वी ज्या पैशात छोटा यायचा त्यात आज भिंत भरते, मग लहान का घ्यावा? तिसरं, थेटरात जो अंगावर येणारा आवाज असतो तो ताकदीशिवाय येत नाही, आणि ताकद वॅटमध्ये मोजतात. चौथं, आजचे सिनेमे चोहोबाजूंच्या आणि वरच्या आवाजासाठीच बनतात, मग दोनतीन स्पीकरांवर ते ऐकणं म्हणजे अर्धाच सिनेमा. यातलं एकही विधान साफ खोटं नाही. चूक आहे ती क्रमात, आणि आपला हॉल कसा आहे हे न पाहता हिशोब मांडण्यात.

आधी इंचाचाच हिशोब घेऊ. डोळ्याला टीव्ही किती मोठा दिसतो हे इंचावर ठरत नाही. पडदा डोळ्यापाशी किती अंशांचा कोन करतो त्यावर ठरतं. चित्रपट-तंत्रज्ञांच्या ‘एसएमपीटीई’ या संस्थेचा जुना दंडक निदान 30 अंशांचा आहे, काही जण 36 ते 40 पर्यंत जातात. उचगावातल्या नव्या घरांमध्ये नेहमी दिसणारा 12 बाय 16 फुटांचा हॉल घ्या. लांब भिंतीवर टीव्ही, समोरच्या भिंतीला टेकवलेला सोफा. डोळ्यापासून पडद्याचं अंतर साधारण 10 फूट. या अंतरावरून 55 इंची टीव्ही सुमारे साडेबावीस अंश भरतो, 65 इंची साडेसव्वीस आणि 75 इंची जेमतेम तीस. आता सोफा भिंतीपासून सोडवून दोन फूट पुढे ओढा. अंतर 8 फूट झालं. तोच 55 इंची टीव्ही 28 अंश भरतो, म्हणजे 10 फुटांवरच्या 65 इंचीपेक्षा जास्त. आणि 65 इंची 33 अंशांवर जातो, म्हणजे 10 फुटांवरच्या 75 इंचीला मागे टाकतो. दोन फूट जागेने दहा इंचांची किंमत वाचवली.

फोर-केचंही तेच. निरोगी डोळ्याला एका अंशात साधारण 60 ठिपके वेगळे दिसतात, त्यापलीकडचे एकमेकांत मिसळतात. 65 इंची टीव्ही 10 फुटांवरून पाहिला तर जुन्या फुल एचडीचेच अंशाला 72 ठिपके पडतात. म्हणजे ज्या बारकाव्यासाठी फोर-के घेतला तो त्या सोफ्यावरून दिसतच नाही. नव्या टीव्हीचे रंग आणि उजेड-अंधारातला फरक चांगला असतो, तो दिसतो, त्यासाठी जरूर घ्या. पण ठिपक्यांच्या आकड्यासाठी जास्त पैसे मोजणार असाल तर आधी पुढे सरकून बसा.

टीव्हीच्या उंचीबद्दल एकच वाक्य: सोफ्यावर बसलेल्या माणसाचा डोळा जमिनीपासून साडेतीन फुटांवर असतो, पडद्याचा मध्य त्याच्या आसपास हवा, देव्हाऱ्याच्या किंवा हार घातलेल्या फोटोच्या रांगेत टीव्ही लावला की तीन तासांच्या सिनेमात मान धरते.

आता आवाज. खरा वाद इथे आहे.

नव्या घराच्या हॉलमध्ये, सामान लावायच्या आधी, मधोमध उभं राहून एक टाळी वाजवा. टाळी संपते, पण तिच्या मागे एक धातूसारखी ‘झर्रर्र’ उरते. दोन समोरासमोरच्या कोऱ्या भिंतींमध्ये आवाज चेंडूसारखा टप्पे खात राहतो, त्याची ती खूण. खाली गुळगुळीत व्हिट्रिफाइड टाइल, वर पीओपी, भिंतीला पुट्टी आणि चकचकीत रंग, एका बाजूला काचेचं शोकेस. घर देखणं झालं, पण यातला एकही पृष्ठभाग आवाज गिळत नाही. अशा पृष्ठभागावर आदळलेल्या आवाजातला दोन-तीन टक्के भाग शोषला जातो, बाकीचा परत खोलीत येतो.

हे मोजायची रीत नवी नाही. अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठात 1895 साली एक व्याख्यानगृह नवं बांधलं आणि त्यात वक्त्याचं बोलणं कळेना. वॉलेस सॅबिन नावाच्या तरुण प्राध्यापकाकडे ते काम आलं. तिथे एक आवाज विरायला साडेपाच सेकंद लागत होते. म्हणजे पुढचे कितीतरी शब्द आधीच्या शब्दांच्या गाळात रुतायचे. सॅबिनने रात्री दुसऱ्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या उचलून आणल्या, एकेक वाढवत गेला, ऑर्गनची नळी वाजवून आवाज विरायचा वेळ मोजत गेला. त्यातून त्याला सूत्र मिळालं: खोलीचं घनफळ जितकं मोठं तितका आवाज रेंगाळतो, शोषणारं सामान जितकं जास्त तितका लवकर विरतो. शोषणाचं माप म्हणून त्याने उघडी खिडकी धरली, कारण खिडकीबाहेर गेलेला आवाज परत येत नाही.

हे सूत्र आपल्या हॉलला लावून पाहा. 12 बाय 16 चा, 10 फूट उंचीचा हॉल म्हणजे सुमारे 54 घनमीटर. रिकामा असताना आवाज विरायला तीन सेकंदांहून जास्त लागतात. सोफासेट आला, तीन माणसं बसली, स्वयंपाकघराकडचा दरवाजा उघडा राहिला, की हा वेळ सव्वा सेकंदावर येतो. गप्पा मारायला एवढं चालतं. सिनेमाला चालत नाही. त्याला अर्ध्या सेकंदाच्या आसपास हवं. पाहा, अजून एकही स्पीकर खोक्यातून काढलेला नाही, आणि तरी बोलणं कळणार की नाही याचा निम्मा निकाल लागून गेलाय.

निम्मा कसा, तर उच्चारांमुळे. बोलण्यातले स्वर जोरकस आणि खालच्या पट्टीचे असतात. स, श, च, त, क, फ ही व्यंजनं दुबळी आणि वरच्या पट्टीची. शब्दाचा अर्थ मात्र बहुतेक व्यंजनांवर उभा असतो. खोलीत आवाज रेंगाळला की आधीच्या अक्षरातला ‘आ’ पुढच्या ‘त’ वर पसरतो. नायकाने ‘साठ’ म्हटलं की ‘सात’, तेच कळत नाही. घरातल्या वडीलधाऱ्यांचं तर वयाबरोबर वरच्या पट्टीचंच ऐकणं आधी कमी होतं, म्हणजे त्यांच्याकडे हीच व्यंजनं मुळात निम्मी पोचतात. मग आजी विचारते, ‘काय म्हणाला गं तो?’ आणि नातू आवाज वाढवतो. आवाज वाढवला की स्वरही वाढतात, खोलीतला कल्लोळही तेवढाच वाढतो, आणि दोन मिनिटांनी आजी पुन्हा तेच विचारते. लोक म्हणतात तिला ऐकू येत नाही. बऱ्याचदा दोष त्या खोलीचा असतो.

कोल्हापूरला हे शिकायला हार्वर्डला जायची तशी गरज नव्हती. शाहू महाराजांनी 1915 मध्ये पुरं केलेलं पॅलेस थिएटर, म्हणजे पुढचं केशवराव भोसले नाट्यगृह, ध्वनिवर्धकाच्या आधीच्या काळातलं. नटाचं गाणं आणि बोलणं शेवटच्या रांगेपर्यंत नेण्याचं काम तिथे वास्तूलाच करावं लागे, कारण दुसरं साधन नव्हतं. लाकूडकाम, रंगवलेले कापडी पडदे, खच्चून भरलेली माणसं, हे सगळं त्या आवाजाच्या व्यवस्थेचा भाग होतं. 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री ते जळालं तेव्हा गावाने जे दुःख केलं त्यात त्या सभागृहाच्या आवाजाचीही हळहळ होती. ज्या गावाने वास्तूने ऐकवलेलं नाटक पाहिलं, त्या गावाने घर बांधताना ऐकण्याचा विचारच करू नये, हे मला पटत नाही.

उपाय महाग नाही, आणि उचगावकराला तर तो हाकेच्या अंतरावर आहे. शेजारी गांधीनगरची कापडपेठ आहे. माझ्या मते घरच्या सिनेमाची पहिली खरेदी तिथे व्हावी. खिडकी नऊ फुटी असेल तर पडद्याचं कापड अठरा फूट घ्यायचं, म्हणजे दाट चुण्या पडतात. कापड वजनदार, मखमलीसारखं. सोफ्याच्या पुढे सहा बाय नऊचा जाड गालिचा. तीन-चार चौकटी सुताराकडून करून घ्यायच्या, दोन बाय चार फुटांच्या. त्यांत दोन इंच जाडीचं रॉकवूल भरायचं, कारखान्यांत बॉयलर आणि वाफेच्या पाइपांना लपेटतात ते. वरून असं कापड ताणायचं की ज्यातून फुंकर पलीकडे जाते. या चौकटी सोफ्याच्या मागच्या आणि बाजूच्या भिंतीवर, भिंतीपासून दोन-तीन इंच सोडून लावायच्या. हीच फट शोषण खालच्या पट्टीपर्यंत नेते. जिल्ह्यातल्या धनगरांची जाडजूड लोकरीची घोंगडी अशीच फट ठेवून टांगली तरी वरच्या पट्टीत चांगलं काम करते, आणि भिंतही उघडीबोडकी दिसत नाही. एवढं केल्यावर तोच हॉल सव्वा सेकंदावरून साठ शतांशांच्या आसपास येतो. अंड्यांचे ट्रे मात्र भिंतीला चिकटवू नका. त्यांचा उपयोग नावापुरताच.

इथे एक गैरसमज वेळीच दूर करायला हवा. आवाज शोषणं वेगळं आणि आवाज अडवणं वेगळं. जाड पडद्याने खोलीतला कल्लोळ कमी होईल, पण महामार्गावरच्या ट्रकची घरघर थांबणार नाही. पुणे-बंगळूर महामार्ग उचगावला लागून जातो, त्यामुळे हा प्रश्न इथे पुस्तकी नाही. बाहेरचा आवाज फटींतून येतो, तेव्हा खिडक्यांच्या चौकटींना रबराची पट्टी बसवणं हा पहिला उपाय. आणि पंखा. पाचवर फिरणाऱ्या पंख्याखाली सिनेमातली कुजबुज ऐकू येत नाही म्हणून लोक आवाज वाढवतात, मग पुढच्या मारामारीला दचकतात. पंखा दोनवर ठेवणं हा फुकटचा उपाय आहे.

आता वॅट. मिरवणुकीतल्या ‘डॉल्बी’ने आपल्या भागात आवाजाचं माप छातीत बसणाऱ्या दणक्यावर आणून ठेवलंय, आणि दुकानात गेलेला माणूस नकळत तेच माप घेऊन जातो. खोक्यावर 1000 वॅट लिहिलेला सेट 100 वॅटच्या दसपट वाजेल असं त्याला वाटतं. कान असा चालत नाही. ताकद दुप्पट केली की आवाज 3 डेसिबलने वाढतो, म्हणजे लक्ष देऊन ऐकलं तर जाणवेल इतका. ‘दुप्पट मोठा’ वाटायला सुमारे 10 डेसिबल लागतात, त्यासाठी ताकद दसपट लागते. साध्या चांगल्या स्पीकरची क्षमता एका वॅटला एक मीटरवर 87 डेसिबल धरली, तर दहा फुटांवरच्या सोफ्यावर एका वॅटमध्ये 78 ते 80 डेसिबल पोचतात. समोरासमोर बोलणारा माणूस 60 च्या आसपास असतो. म्हणजे सिनेमाचा बहुतेक वेळ तुमचा ॲम्प्लिफायर एका वॅटच्या आतबाहेर काम करत असतो. स्फोट, ढोल, विजेचा कडकडाट अशा क्षणांना शंभरपट ताकद लागते, ती क्षणभर. खरे, म्हणजे आरएमएस, 60 ते 80 वॅट दर स्पीकरमागे मिळाले तर उचगावातल्या कोणत्याही हॉलला पुरून उरतील. खोक्यावरचा मोठा आकडा पुष्कळदा सगळ्या स्पीकरांची बेरीज असतो, आणि एके काळी तर पीएमपीओ नावाचं माप छापून टेपरेकॉर्डरसुद्धा हजारो वॅटचे केले जात. त्या आकड्याला ऐकण्यात काही अर्थ नव्हता.

शिवाय शेजार आहे. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 च्या नियमांत रहिवासी भागाची मर्यादा दिवसा 55 आणि रात्री दहानंतर 45 डेसिबल आहे. अपार्टमेंटमध्ये तर खालच्या पट्टीचा धक्का स्लॅबमधून थेट शेजारच्या बेडरूममध्ये उतरतो. कमी आवाजात स्वच्छ ऐकू येणारी व्यवस्था हीच आपल्याकडे उपयोगाची.

स्पीकरांच्या संख्येचा मुद्दा मला सर्वांत गंभीर वाटतो, कारण इथे पूर्वपक्षाकडे तंत्रज्ञानाचा आधार आहे. डॉल्बी ॲटमॉस 2012 मध्ये सिनेमागृहांत आलं, दोन वर्षांनी घरात, आणि त्यात आवाज डोक्यावरूनही येतो, हे खरं. पण हॉलमधल्या टीव्हीवर काय चालतं ते पाहा: मालिका, बातम्या, क्रिकेट, भजनाचा कार्यक्रम, जुने मराठी सिनेमे. यातलं बरंचसं आवाजाच्या दोन वाहिन्यांचं, जुने सिनेमे तर एकाच वाहिनीचे. भालजी पेंढारकरांचा 1965 चा ‘साधी माणसं’ अकरा स्पीकरांवर पसरवला तर तो मोठा होत नाही, पातळ होतो. त्याला समोर मध्यभागी एक उत्तम स्पीकर हवा, तिथून तो तसाच ऐकू येतो जसा ऐकवायचा होता. दोन्ही बाजूंना सारखाच असलेला आवाज मधल्या स्पीकरकडे वळवायची सोय बहुतेक रिसिव्हरमध्ये, म्हणजे स्पीकर चालवणाऱ्या यंत्रात, असते, ती वापरा.

आणि तो मधला स्पीकर नव्या सिनेमालाही तितकाच लागतो. 5.1 च्या, म्हणजे पाच स्पीकर आणि खालच्या पट्टीचा एक सबवूफर अशा रचनेत संवादांचा फार मोठा भाग मधल्या वाहिनीवर असतो. यामागचा विचार जुना आहे. बेल प्रयोगशाळेने 27 एप्रिल 1933 रोजी फिलाडेल्फियात वाजणारा वाद्यवृंद तारेवरून वॉशिंग्टनच्या सभागृहात ऐकवला, तेव्हा त्यांनी तीन मायक्रोफोन आणि तीन स्पीकर वापरले: डावा, मधला, उजवा. दोन स्पीकरांमध्ये दिसणारा मधला आवाज हा भास असतो, आणि तो बरोबर मधोमध बसलेल्या एकालाच होतो. आपल्या हॉलमध्ये एक माणूस बसत नाही. सोफ्यावर तिघं, दिवाणावर दोघं, मुलं गालिच्यावर. डाव्या टोकाला बसलेल्या काकूंना डावा स्पीकर तीन फूट जवळ असला तर त्याचा आवाज अडीच-तीन हजारांश सेकंद आधी येतो, आणि कान आधी आलेल्या बाजूलाच सगळा आवाज आहे असं धरून चालतो. पडद्याच्या मधोमध उभा असलेला नट काकूंना डाव्या कोपऱ्यातून बोलताना ऐकू येतो. खरा, लाकडी पेटीतला मधला स्पीकर हा भास संपवतो. तो प्रत्येकाला पडद्यातूनच बोलल्यासारखा वाटतो. म्हणून माझा आग्रह: पाच लहान स्पीकरांच्या पैशात समोरचे तीन चांगले घ्या. मागचे पुढच्या दिवाळीला आले तरी चालतील. तेही आले की डोक्याच्या किंचित मागे, बाजूला, समोरच्या दिशेपासून 100 ते 120 अंशांवर. उगीच मागच्या कोपऱ्यात छताला नकोत. छतावर आवाज फेकून परतवणारे स्पीकर तर सपाट, मोकळ्या छताचा हिशोब धरून केलेले असतात. आपल्याकडे तिथे पीओपीच्या पायऱ्या, झुंबर आणि फिरता पंखा असतो.

साउंडबारवाल्यांशी माझं भांडण नाही. टीव्हीचे स्वतःचे स्पीकर खाली किंवा भिंतीकडे तोंड करून असतात, त्यापेक्षा कोणताही बरा साउंडबार बराच. घेताना फक्त त्यात मधली वेगळी वाहिनी आहे का ते विचारा.

राहिला ‘वेगळी खोली काढा’ हा श्रीमंत सल्ला. तो ऐकायला शास्त्रीय वाटतो. वरच्या मजल्यावर जी खोली शिल्लक असते ती बहुधा 10 बाय 10 ची, आणि स्लॅबही दहा फुटांवर. खोलीच्या प्रत्येक मापाला खालच्या पट्टीचा एक सूर असतो जो तिथे घुमतो. दहा फुटांचा तो 56 हर्ट्झ. लांबी, रुंदी, उंची तिन्ही सारख्या असल्या की तिन्हींचा सूर एकच, आणि तो एकमेकांवर चढून असा गुरगुरतो की तबल्याचा बायाँ आणि स्फोट एकसारखेच वाटायला लागतात. 12 बाय 16 बाय 10 च्या हॉलमध्ये हे सूर 47, 35 आणि 56 वर विखुरतात. शिवाय हॉल स्वयंपाकघराकडे, जिन्याकडे उघडा असतो. सॅबिनची उघडी खिडकी तिथे आपोआप मिळते, आणि खालच्या पट्टीचा थोडा फुगवटा त्यातून निघून जातो. आपल्या भिंती विटांच्या नाहीतर काँक्रीटच्या. परदेशी व्हिडिओंमधल्या लाकडी सांगाड्याच्या, आतून जिप्सम बोर्ड मारलेल्या भिंती खालची पट्टी थोडीफार शोषतात, आपल्या शोषत नाहीत. म्हणून तिकडचा सल्ला इकडे जसाच्या तसा लागू पडत नाही, आणि म्हणूनच आपल्याकडे चौकोनी बंद खोलीपेक्षा बारमाही वापरातला हॉल आवाजालाही बरा. माणसं जिथे एकत्र बसतात तिथेच सिनेमा पाहावा, हे मला वेगळं पटवून द्यायची गरज वाटत नाही.

सोफा पुढे घेण्याचा दुसरा फायदा इथेच आहे. खालच्या पट्टीचा दाब भिंतीपाशी सर्वांत जास्त असतो. भिंतीला डोकं टेकून ऐकणाऱ्याला बास फुगलेला वाटतो आणि बोलणं त्याखाली दबतं. दोन-तीन फूट पुढे आलं की तो फुगवटा उतरतो. सबवूफरची जागा शोधायची साधी युक्ती सांगतो. सबवूफर उचलून सोफ्यावर, तुम्ही बसता तिथेच ठेवा. संथ, खालच्या सुरांचं काहीतरी लावा. मग खोलीत रांगत, कान जमिनीलगत ठेवून फिरा. एका कोपऱ्यात नुसता घुमारा, चार फुटांवर काहीच नाही, आणखी पुढे प्रत्येक सूर वेगळा. जिथे प्रत्येक सूर सारखा ऐकू येईल तिथे सबवूफर ठेवून द्या. घरातले हसतील, पण पंधरा मिनिटांत जे काम होतं ते दुप्पट किमतीचा सबवूफर कोपऱ्यात कोंबून होत नाही.

यावर अलीकडचा आक्षेप येतो: रिसिव्हरसोबत मायक्रोफोन येतो, तो खोली मोजून आपोआप दुरुस्ती करतो, मग पडदे-गालिचे कशाला? दुरुस्ती होते, पण मर्यादित. एखादा सूर जास्त घुमत असेल तर यंत्र तो दाबू शकतं. ज्या जागी सूर आपसांत कापले जाऊन नाहीसे होतात तिथे कितीही ताकद ओतली तरी भरून येत नाही. आणि भिंतींवरून परत येणारा आवाज हवेत सुटल्यानंतरचा असतो. स्पीकरला जाणारी वीज बदलून तो मागे बोलावता येत नाही. यंत्र जरूर चालवा, पण खोली सुधारून झाल्यावर.

आणखी एक आक्षेप खरा आहे आणि मी तो मान्य करतो. पुष्कळ घरांत सोफा पुढे घेता येत नाही. मागून वावर असतो, जागा अरुंद असते, पाहुण्यांच्या वेळी अडचण होते. मग सोफा एक फूट तरी पुढे घ्या, आणि त्याच्या मागच्या भिंतीवर कानाच्या उंचीला रॉकवूलची चौकट नक्की लावा. टीव्ही मोठा हवाच असेल तर तो इथे, या अडचणीवर उपाय म्हणून घ्या. तेव्हा त्या इंचांना काही अर्थ असतो.

पैशाची वाटणी विचाराल तर माझा अंदाज असा: एकूण रकमेतला दहावा हिस्सा खोलीला, निम्म्याहून कमी टीव्हीला, राहिलेलं सगळं समोरच्या तीन स्पीकरांना, ॲम्प्लिफायरला आणि एका सबवूफरला. वायरवर खर्च करू नका. हॉलमध्ये दहा मीटरच्या आतल्या स्पीकरला दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर पुरते. त्याहून लांब असेल तर अडीचची. इलेक्ट्रिकच्या दुकानातली ही साधी वायर आणि मखमली डबीतली महागडी वायर यांतला फरक कानाला कळत नाही.

ज्यांचं घर अजून प्लास्टरला यायचं आहे त्यांनी एवढं मात्र आजच करून घ्यावं. टीव्हीच्या भिंतीपासून सोफ्याच्या दोन्ही बाजूंना 25 मिलिमीटरचे पाइप भिंतीत गाडून ठेवावेत, आत जीआय तार सोडून, म्हणजे पुढे वायर ओढता येईल. एचडीएमआयसाठी 50 मिलिमीटरचा पाइप, काटकोनी एल्बो न लावता लांब वळणाचा, नाहीतर पिन आत अडकते. स्पीकरचे पाइप विजेच्या पाइपांना चिकटून नेऊ नयेत. टीव्हीपाशी चांगल्या अर्थिंगचे सहा प्लग एकाच सर्किटवर हवेत. केबल किंवा डिशची वायर जोडल्याबरोबर स्पीकरमधून ‘घूंऽऽ’ असा आवाज येऊ लागला तर बहुतेक वेळा दोन वेगळ्या अर्थिंगांची ती भानगड असते, आणि त्या वायरवर आयसोलेटर बसवला की सहसा मिटते. गवंड्याने भिंत बंद केल्यावर यातलं काही करायचं म्हटलं तर टाइल फोडावी लागते, पुट्टी खरवडावी लागते, आणि मग लोक पांढऱ्या पट्टीतून वायर चालवतात. पाइपांचा खर्च फारसा नाही. वायरिंगवाल्याला प्लास्टरच्या आदल्या आठवड्यात बोलावणं तेवढं विसरू नका.